गांधारावरून उचललेले बोट

चेलो आणि पियानो यांच्या मैफलीत रंगमंचावर दोन वादक असतात, असे श्रोते मानतात. प्रत्यक्षात तिथे तिसरी व्यक्तीही असते. पियानोवादकाच्या डाव्या हाताला, किंचित मागे, एक साधी खुर्ची ठेवलेली असते. त्या खुर्चीवर बसणाऱ्याने योग्य क्षणी उठून स्वरलिपीचे पान उलटायचे आणि पुन्हा बसायचे. कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव नसते, आणि ते नसावे हेच योग्य आहे. मुंबईतील अशा मैफलींत सुमारे बावीस वर्षे मी त्या खुर्चीवर बसत आले. उपजीविकेसाठी मी विमा कार्यालयात नोकरी केली. पियानो मी लहानपणी गिरगावातील खोताच्या वाडीत एका गोवेकर बाईंकडे शिकले होते. वादक होण्याइतकी योग्यता माझ्यात नव्हती, परंतु स्वरलिपी निर्वेधपणे वाचण्याची होती. ती या कामास पुरली.

या कामाचे नियम थोडे आणि कडक आहेत. हातातल्या बांगड्या आधी उतरवून ठेवायच्या. सळसळणारे रेशमी वस्त्र नेसायचे नाही. उठताना खुर्ची वाजू द्यायची नाही. पान डाव्या हाताने, वरच्या उजव्या कोपऱ्याशी धरायचे, म्हणजे वादकाची दृष्टी आणि हात यांच्या आड आपला हात येत नाही. वादक वाजवतो त्याच्या पुढचे वाचत असतो, म्हणून त्याची मान हलते ती पानावरचा अखेरचा स्वर वाजण्यापूर्वीच. तो इशारा चुकवायचा नाही, आणि त्याच्या आधीही हात हलवायचा नाही. आपल्या अस्तित्वाची आठवण कोणालाही होऊ नये, एवढीच या कामातील सिद्धी आहे.

त्या खुर्चीवरून मला जे दिसले ते प्रेक्षागृहातून दिसत नाही. पियानोवादकासमोरच्या प्रतीत स्वरांच्या तीन ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात. खालच्या दोन त्याच्या दोन हातांसाठी, आणि त्यांच्या वर बारीक अक्षरांत चेलोची ओळ. म्हणजे आपला सहकारी या क्षणी काय वाजवतो आहे आणि पुढच्या क्षणी काय वाजवणार आहे, हे पियानोवादकाच्या डोळ्यांसमोर असते. चेलोवादकासमोरच्या प्रतीत मात्र केवळ त्याचा स्वतःचा भाग असतो. पियानो काय वाजवते आहे हे तिथे लिहिलेले नसते. त्याच्या विरामाच्या जागी एक आडवी जाड रेघ आणि तिच्यावर एक आकडा असतो. इतका काळ मौन राहायचे, एवढाच त्याचा अर्थ. एकाजवळ संपूर्ण संहिता आणि दुसऱ्याजवळ केवळ स्वतःचे संवाद, अशा स्थितीत दोघे एकच कृती उभी करतात. प्रारंभी मला ही छपाईची सोय वाटली. चेलोवादकाची पाने फार वाढू नयेत म्हणून केलेली ती व्यवस्था आहे, हे खरेही आहे. परंतु वर्षे गेली तसे तिच्यात मानवी संबंधांचे एक चित्र मला दिसू लागले, आणि ते अजून पुसले गेलेले नाही.

या दोन वाद्यांचे समान नाते इतिहासात फार जुने नाही. अठराव्या शतकाच्या बहुतेक काळात चेलोचे मुख्य काम खालच्या स्वरांचा आधार देण्याचे होते. हायडन आणि मोझार्ट यांच्यासारख्या श्रेष्ठांनीही या जोडीसाठी एकही पूर्ण सोनाटा लिहून ठेवला नाही. 1796 मध्ये पंचविशीतला बीथोव्हेन बर्लिनला गेला. प्रशियाचा राजा फ्रीडरिख विल्हेल्म दुसरा हा स्वतः चेलो वाजवत असे, आणि दुपोर बंधूंसारखे श्रेष्ठ चेलोवादक त्याच्या दरबारी होते. त्यांच्यासाठी बीथोव्हेनने दोन सोनाटा लिहिले. पुढे 1807-08 मध्ये, पाचव्या आणि सहाव्या सिंफनीच्याच काळात, त्याने व्हिएन्नात तिसरा सोनाटा रचला. 'ए मेजर'मधील या कृतीला 69 हा क्रमांक आहे, आणि ती त्याने इग्नाझ फॉन ग्लायखेनश्टाइन या चेलो वाजवणाऱ्या मित्राला अर्पण केली. माझ्या वाट्याला ही कृती सर्वाधिक वेळा आली. तिच्या पानांचे कोपरे माझ्या बोटांना आजही आठवतात.

तिचा प्रारंभ चेलो एकटाच करतो. सुमारे पाच बार, म्हणजे स्वरलिपीतील उभ्या रेघांमधले पाच खंड, पियानोवादकाचे हात मांडीवर असतात. चेलोचे वाक्य खालच्या एका दीर्घ स्वरावर येऊन ठरते, आणि तो स्वर सोडून न देता चेलो धरून ठेवतो. त्याच्यावर पियानो उत्तर देऊ लागते. आपले बोलणे संपले म्हणून चेलो निघून जात नाही. दुसऱ्याच्या बोलण्याला तो भूमी देतो. पियानोचे उत्तर एका छोट्या मुक्त स्वरावलीत विसावते. मग तेच वाक्य पियानो उच्चारते, आणि त्या वेळी मुक्त स्वरावली चेलोच्या वाट्याला येते. दोन डझन बारांच्या आत दोघांनी एकमेकांची जागा घेऊन पाहिलेली असते.

हा समतोल बीथोव्हेनला सहज साधलेला नव्हता. पहिल्या भागाचे त्याचे हस्तलिखित उपलब्ध आहे आणि अभ्यासकांनी ते बारकाईने वाचले आहे. मधल्या विस्तारात त्याने एवढी खाडाखोड केली आहे की कित्येक ठिकाणी चेलोला दिलेले पियानोकडे आणि पियानोला दिलेले चेलोकडे गेले आहे. रागाचा आराखडा बदलावा तसा हा बदल नव्हता. स्वर बहुतांशी तेच राहिले, ते कोणी बोलायचे हा प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवला गेला. 1809 मध्ये लाइपझिगच्या प्रकाशकाने ही कृती छापली, तेव्हा तीत चुका राहिल्या. बीथोव्हेनने दुरुस्त्यांची यादी करून प्रकाशकाला कळवली. ज्याची श्रवणशक्ती उतरणीला लागली होती आणि त्यामुळे माणसांशी बोलणे ज्याला दुःसह होत चालले होते, त्याने दोन वाद्यांच्या संभाषणातला एकेक स्वर योग्य मुखी जावा म्हणून हे श्रम घेतले. न्याय ही भावनेची बाब आहे असे आपण समजतो. तो खाडाखोडीचाही विषय आहे, हे मला त्या हस्तलिखिताच्या वर्णनाने शिकवले.

समानता म्हटली की सारखेपणा डोळ्यांसमोर येतो. परंतु या दोन वाद्यांत सारखे असे जवळजवळ काहीच नाही. पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आघात करते, आणि त्या क्षणापासून तो स्वर क्षीण होऊ लागतो. वादकाने कितीही इच्छा केली तरी वाजलेला स्वर त्याला वाढवता येत नाही. चेलोचा स्वर गजाच्या घर्षणातून येतो. गज चालतो तोवर तो जगतो, वाढतो, मंदावतो, पुन्हा उजळतो. मात्र हात थांबला की तोही थांबतो. एकाचा स्वर जन्मतःच मावळू लागतो, दुसऱ्याचा स्वर प्रतिक्षणी पोसावा लागतो. याच सोनाट्याच्या दुसऱ्या भागात, स्केर्झोच्या आरंभी, पियानोच्या उजव्या हातात एक विलक्षण सूचना आहे. एकच स्वर पुढे धरून ठेवायचा आहे, आणि त्या धरलेल्या स्वरावर चौथ्या बोटाच्या जागी तिसरे बोट आणायचे असे बीथोव्हेनने आकड्यांनी लिहिले आहे. तो स्वर पुन्हा ऐकू यावा की येऊ नये यावर वादकांत आजही मतभेद आहेत. मी ते बोट बदलताना हातभर अंतरावरून पाहिले आहे. मावळत्या स्वराला दुसऱ्या बोटाने सावरण्याची ती धडपड पाहताना मला वाटे, पियानो इथे चेलोचा धर्म समजून घेऊ पाहते आहे. तो तिला पाळता येणार नाही. पण समजून घेण्याने तिच्या वादनाची जात बदलते.

बळाचा प्रश्नही असाच आहे. बीथोव्हेनच्या काळचे व्हिएन्नातील पियानो लाकडी सांगाड्याचे, हलक्या तारांचे होते आणि त्यांच्या हातोड्यांवर चामडे असे. आजचा मोठा ग्रँड पियानो सुमारे नऊ फूट लांब असतो, त्याच्या लोखंडी चौकटीवर तारांचा एकत्रित ताण अनेक टनांचा असतो. चेलोच्या आतड्याच्या तारांच्या जागी धातूच्या तारा आल्या, तरी त्याचे बळ त्या प्रमाणात वाढले नाही. शिवाय चेलोचा मधला पल्ला नेमका पियानोच्या मधल्या पल्ल्यावर येतो आणि तिथे त्याचा आवाज सहज बुडतो. कागदावर दोघांनाही 'जोरात' असेच लिहिलेले असते. तरीही विवेकी पियानोवादक त्या शब्दाचा अर्थ आपल्यासाठी वेगळा लावतो. शेजारच्याचा आवाज ऐकू येतो आहे तोवरचा जोर, एवढाच जोर तो घेतो. ज्याचे सामर्थ्य काळाच्या ओघात वाढले, त्याच्या संयमाचे मापही त्याच प्रमाणात वाढले पाहिजे. जुन्या संहितेतील जुने शब्द त्याला या जबाबदारीतून मुक्त करत नाहीत.

वादनापूर्वी सूर जुळवले जातात, तेव्हा प्रेक्षागृहात अजून कुजबुज चालू असते. पियानो एक स्वर देते आणि चेलोवादक आपल्या चार तारा त्याला मिळवतो. लगतच्या कोणत्याही दोन तारांत षड्ज-पंचमाचे नाते असते. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला तो पंचम शुद्ध हवा असतो. परंतु पियानोचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असल्याने त्याचा पंचम शुद्ध पंचमाहून अगदी सूक्ष्मपणे उतरा असतो. वरच्या तारेपासून एकेक शुद्ध पंचम उतरत गेल्यास तिसऱ्या पायरीवर चेलोची खर्जाची तार पियानोच्या त्याच स्वराखाली जाते. म्हणून पियानोसोबत वाजवायचे असेल तेव्हा अनेक चेलोवादक आपले पंचम जाणीवपूर्वक किंचित आखूड ठेवतात. ज्याला स्वर हलवता येतो तो हलवतो, कारण दुसऱ्याला तो हलवता येत नाही. हे पाहिले की प्रत्येक वेळी मला माझ्या वडिलांची आठवण होई.

माझे वडील हार्मोनियमची साथ करत. गिरगावातील कीर्तने, खासगी बैठका, क्वचित एखादा नाट्यगीतांचा कार्यक्रम, एवढेच त्यांचे क्षेत्र. 1940 मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला आपल्या दालनातून वगळले आणि ती बंदी अनेक वर्षे टिकली. तिच्या मुळाशी असलेला आक्षेप वडिलांना ठाऊक होता आणि शास्त्र म्हणून तो त्यांना मान्यही होता. हार्मोनियमचे स्वर पियानोसारखेच समान अंतरावर बांधलेले असतात. तिचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून झंकारणाऱ्या गांधाराहून चढा असतो. गायक गांधारावर स्थिर झाला आणि पेटीनेही तोच स्वर धरला, तर दोन गांधार एकमेकांना घासतात. ज्यांचे कान तीक्ष्ण आहेत त्यांना ते सहन होत नाही.

यावर वडिलांचा उपाय होता, आणि तो त्यांनी कोणाला समजावून सांगितल्याचे मला आठवत नाही. गायक गांधारावर येत असला की ते त्याच्यासोबत तिथपर्यंत जात. तो तिथे विसावला की वडिलांचे बोट त्या पट्टीवरून अलगद उठे. भाता मंद होई, षड्ज किंवा पंचम अगदी हलका उरे, आणि गायकाचा गांधार एकटा प्रकाशे. तो पुढे निघाला की बोट पुन्हा पट्टीवर येई. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसत असे. एकदा मी विचारले, "बाबा, तुम्ही मध्येच का थांबता?" ते म्हणाले, "थांबत नाही ग. तिथली साथ तशीच असते." याहून अधिक काही ते बोलले नाहीत. पेटीला मराठीत संवादिनी असे सुंदर नाव आहे. त्या नावाचा अर्थ मला त्या उचललेल्या बोटात प्रथम कळला, आणि पुष्कळ वर्षांनी, सर्वस्वी वेगळ्या संगीतात, चेलोवादकाच्या आखूड केलेल्या पंचमात तो पुन्हा भेटला.

माझ्या हातून घडलेली एक चूक इथे सांगणे आवश्यक आहे. याच सोनाट्यात स्वतंत्र असा संथ भाग नाही. अखेरच्या द्रुत भागापूर्वी केवळ अठरा बारांचे एक संथ गान येते. त्या गानाचा धागा एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जातो, आणि ते पूर्ण उमलण्याच्या आत संपते. त्या सायंकाळी ते असे वाजत होते की मी ऐकू लागले. इतर वेळी मी वाचत असे. त्या वेळी मी ऐकू लागले. त्या आवृत्तीत पान नेमके तिथेच संपत होते. पियानोवादकाची मान हलली आणि मी उठले नाही. त्याने उजवा हात पट्ट्यांवरून उचलला, पान स्वतः उलटले आणि हात परत आणला. एक श्वासाइतका काळ पियानोचा केवळ डावा हात वाजत होता. तेवढ्या काळात चेलोवादकाने हातातला स्वर सोडला नाही. गज त्याने मंदावला, स्वर किंचित लांबवला, आणि पियानोचा उजवा हात परतल्यावर दोघे एकत्र पुढे गेले. श्रोत्यांना तिथे एक सुंदर विलंब जाणवला असेल. पडद्याआड मी क्षमा मागितली, तेव्हा चेलोवादक म्हणाला, "तुमची चूक मला दिसलीच नाही. वरचे स्वर नाहीसे झालेले ऐकू आले, म्हणून मी थांबलो."

त्या वाक्याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. ज्याच्यासमोर पियानोची ओळ छापलेलीच नव्हती, त्याने ती सांभाळली. ज्या मला सर्व ओळी दिसत होत्या, ती मी रसात बुडाले आणि कर्तव्याला चुकले. रसास्वाद निंद्य आहे असे मला म्हणायचे नाही. त्याच्याचसाठी हा सारा खटाटोप असतो. परंतु दुसऱ्याचा आनंद ज्याच्या दक्षतेवर अवलंबून आहे, त्याला स्वतःचा आनंद काही काळ बाजूला ठेवावा लागतो. शल्यविशारद, रेल्वेचा चालक, रात्रपाळीची परिचारिका, स्वयंपाकघरात पंगतीचे अन्न सांभाळणारी स्त्री, या सर्वांना हे ज्ञात असते. त्यांची तन्मयता आपल्या तन्मयतेहून निराळी असते. तिला डोळे उघडे ठेवावे लागतात.

आपल्यापैकी बहुतेकांना आयुष्यात चेलोवादकाचे पान मिळते. आपला भाग आपल्याला ठाऊक असतो. सोबतीच्या माणसाच्या मनात काय चालले आहे, त्याचे दुःख कुठे येते आणि कुठे संपते, हे आपल्या पानावर लिहिलेले नसते. ते ऐकूनच जाणावे लागते. काहींना मात्र काही काळ पियानोवादकाचे पान मिळते. आईबापांना मुलांच्या बाबतीत, वैद्याला रुग्णाच्या बाबतीत, अधिकाऱ्याला हाताखालच्यांच्या बाबतीत अधिक दिसते. अधिक दिसणाऱ्याच्या अंगी बहुधा बळही अधिक असते, आणि म्हणून त्याची कसोटीही कठीण असते. आपण सर्व पाहतो आहोत, तेव्हा ऐकण्याची गरज नाही, असा भ्रम त्यालाच होऊ शकतो. कागदावर बारीक अक्षरांत छापलेली दुसऱ्याची ओळ आणि प्रत्यक्षात वाजणारी दुसऱ्याची ओळ यांत अंतर असते. त्या अंतरात तो दुसरा माणूस जगत असतो.

वडिलांच्या अखेरच्या सात महिन्यांत त्यांची वाचा गेली होती आणि उजवी बाजू निकामी झाली होती. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. मधला काळ मी त्यांच्याजवळ बसून काढी. पहिले काही आठवडे तो मधला काळ मला रिकामा वाटे, आणि रिकामेपणाचा शीण कामाच्या शिणाहून जड होता. मग एका रात्री मला चेलोवादकाच्या पानावरची आडवी जाड रेघ आणि तिच्यावरचा आकडा आठवला. त्या रेघेच्या काळात चेलोवादक काय करतो, हे मी अनेकदा पाहिले होते. गज मांडीवर टेकलेला असतो, डावा हात तारांवरून दूर असतो, आणि ओठ जवळजवळ न हलता हलत असतात. तो मात्रा मोजत असतो. वाजवत नसला तरी तो त्या संगीताच्या बाहेर नसतो. किंबहुना एखादी मात्रा चुकली तर पुढचा प्रवेश चुकेल, म्हणून त्या वेळी त्याचे अवधान अधिकच तीव्र असते. त्या रात्रीनंतर मी वडिलांजवळ वाट पाहत बसले नाही, मोजत बसले. त्यांचा श्वास, औषधाची वेळ, खिडकीतून येणारा उजेड. काळ तेवढाच होता, त्याचे दुःखही तेवढेच होते. परंतु तो रिकामा राहिला नाही.

अलीकडे पियानोवादक कागदाऐवजी पडदा वापरू लागले आहेत. पायाने एक कळ दाबली की पान बदलते. ही सोय चांगली आहे. माझ्यासारखी चूक तिच्याकडून होणार नाही. गेल्या हिवाळ्यात मी हाच सोनाटा प्रेक्षागृहातून, तिकीट काढून ऐकला. पियानोच्या डाव्या बाजूला खुर्ची नव्हती. दोन तरुण वादक होते. चेलोने एकट्याने प्रारंभ केला, खालचा दीर्घ स्वर धरला, आणि पियानोने त्याच्यावर उत्तर दिले. आता मला काही करायचे नव्हते, ऐकायला पूर्ण मुभा होती. संथ गान आले आणि मी या वेळी ते निःशंकपणे ऐकले.

पुढे द्रुत भागात चेलोचा गज क्षणभर तारांवरून दूर झाला आणि पियानो एकटी बोलू लागली. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी पत्रिका चाळण्यास घेतली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की माझा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. मी चेलोच्या मौनाच्या मात्रा मोजत होते.